रेघ येण्याआधी

पूल वाहून गेल्यापासून डोंगरावरच्या अकरा वस्त्यांना दवाखान्याची औषधं मामा नेऊन देत होता. मामा म्हणजे मिस्त्रीच्या बायकोचा धाकटा भाऊ. मिस्त्रीच्या लेकीचा मामा, आणि तिच्या तोंडून ऐकून ऐकून सगळ्या गल्लीचा मामा. जीप जिथे थांबायची तिथून पुढे नुसते दगड होते. त्या दगडांवरून चढणारी गाडी गावात एकच होती, ती मामाची. उंच, काटेरी टायरांची डर्ट बाईक. चिखलात लोळून लोळून तिचा मूळ रंग कुठला होता हे आता मामालाही सांगता आलं नसतं.

ऐन उन्हाळ्यात, बुधवारी दुपारी, तो ती गाडी ढकलत गॅरेजसमोर आला. शर्ट पाठीला चिकटला होता. औषधांची पेटी अजून मागे बांधलेली होती, म्हणजे अर्ध्या वाटेवरून परतला होता.

"काय झालं?" मिस्त्रीने विचारलं.

"चढावर दम सोडला. किक मारतो तर पाय सरळ खाली जातो. पाण्यात काठी घालावी तसा."

मिस्त्रीने किकवर हात दाबून पाहिला. खरंच, आत काही अडतच नव्हतं. त्याने पाना काढून टाकीचे बोल्ट सैल करायला घेतले.

"व्हॉल्व्ह जळलाय. इंजिनाचं हेड उघडायला लागेल."

"उघडा," मामा म्हणाला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

शेजारच्या दुकानातून न्हावी वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला. त्याच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण लावून बसलं होतं. "मामा, गाडी तुला घेऊन जाते का तू गाडीला? काय ते एकदा ठरवून टाका दोघांनी."

"तू आधी त्याचा दुसरा गाल कर," मामा म्हणाला. "बिचारा निम्माच म्हातारा दिसतोय."

मिस्त्रीही हसला. आठ महिन्यांपूर्वी बायको गेली, त्यानंतर या घरात हसण्यासारखं काही बोलणारा मामाच होता. मिस्त्री आणि त्याची लेक दोघेच जेवायला बसले की भांड्यांचाच काय तो आवाज. मामा असला की डोंगरावरच्या गोष्टी निघत. कुठल्या म्हातारीने खोकल्याचं औषध बकरीला पाजलं, कोणाच्या कुत्र्याने त्याला झाडावर चढवलं. लेक ऐकता ऐकता एक घास जास्त खायची.

गुरुवारी सकाळी दवाखान्याचा कंपाउंडर आला. गॅरेजचा पत्रा तेव्हाच तापायला लागला होता. इंजिनाचे तुकडे वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले पाहून तो दारातच थबकला.

"हे सोमवारपर्यंत होईल?"

"होईल," मिस्त्री म्हणाला.

"मिस्त्री, मी वाईट बोलायला आलेलो नाही. वर माणसं गोळ्यांवाचून बसलीत. एकाला फिट येते, दोघांची साखरेची औषधं आहेत. वाळूवाल्याने नवी गाडी घेतलीय, रोज येऊन विचारतो. सोमवारी सकाळी मामाची गाडी दवाखान्यासमोर चालू दिसली तर ठीक. नाहीतर पेटी त्याच्याकडे जाईल. मग परत मागायची नाही."

कंपाउंडर गेल्यावर मामा उंबऱ्यावर येऊन बसला. "काम गेलं तर मग मी शहराकडेच जाईन, भाऊजी. गोदामात माणूस पाहिजे म्हणतात. इथे नुसतं बसून तुमच्या पोरीच्या हातचं खात बसू का?"

"काम जायचं नाही," मिस्त्री म्हणाला.

व्हॉल्व्ह शहरातूनच आणावा लागणार होता. मामा त्याच दुपारच्या गाडीने गेला आणि रात्री उशिरा कागदात गुंडाळलेले दोन व्हॉल्व्ह घेऊन आला. दुकानदाराकडे एवढेच होते. आणखी मागवायचे तर महिना लागेल, असं त्याने सांगितलं होतं.

शुक्रवार आणि शनिवार मिस्त्री व्हॉल्व्ह घासत बसला. लाकडी दांड्याच्या टोकाला रबरी चकती लावून ती व्हॉल्व्हच्या तोंडाला चिकटवायची, व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेला, सीटला, राखाडी पेस्ट लावायची आणि दोन्ही तळव्यांत दांडा फिरवायचा, रवी फिरवावी तसा. थोडं फिरवायचं, उचलायचं, पुसायचं, बघायचं. सगळीकडे सारखा मंद राखाडी पट्टा दिसेपर्यंत. मध्ये कुठे चकाकी राहिली की पुन्हा. दुपारपर्यंत तळव्यांना फोड आले. उजवा हात तर कोपरापासून पुढे बधिरच असायचा. बारा वर्षांपूर्वी जॅक घसरून ट्रकचा धुरा त्याच्यावर बसला होता. हाड सांधलं, पण आतून हात जसा दुसऱ्याचाच झाला. मिस्त्रीने हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायचा, झोपेत अंगाखाली आला होता.

लेकीने हेड उलटं करून त्यात रॉकेल ओतलं. दोघं वाकून बघत बसली. दहा मिनिटं झाली तरी खाली थेंब पडला नाही.

"बसले," ती म्हणाली.

"बसणारच," मिस्त्री म्हणाला. बायको गेल्यापासून त्याने उघडलेलं हे पहिलं हेड होतं. मधल्या महिन्यांत पंक्चर आणि ब्रेक याशिवाय दुसरं काम आलंच नव्हतं. व्हॉल्व्ह बसलेले पाहून त्याला वाटलं, आहे, हात अजून आहे.

रविवारी टायमिंग करायचं होतं.

सगळं इंजिन एकदा बसवलं की शेवटचं आणि नाजूक काम ते. खाली पिस्टन वर-खाली होतो, वर दोन कॅम व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. दोघांना जोडणारी एक बारीक साखळी. पिस्टन नेमका वर आला असताना कॅमच्या खुणा हेडच्या काठाशी जुळल्या पाहिजेत. साखळीचा एखादा दात इकडेतिकडे झाला तर व्हॉल्व्ह उघडा असतानाच पिस्टन वर येतो आणि त्याला धडक देतो. मग काय उरतं ते सांगायला नको.

पिस्टन नेमका वर आला हे कळायला इंजिनाच्या डाव्या अंगाला, खाली, बोटभर एक भोक असतं. गॅरेजमध्ये त्याला खिडकी म्हणायचे. त्या खिडकीत आतल्या चाकावरची एक रेघ येते. रेघ खिडकीच्या काठावरच्या खाचेसमोर आली की पिस्टन वर. मिस्त्री वरून वाकून डाव्या हाताने साखळी ताणून धरायचा, कारण ती सैल पडली तर खाली दात सोडते. उजव्या हाताने पाना फिरवायचा. खिडकीत बघायला दुसरं कोणीतरी लागायचं. पंचवीस वर्षं ते काम त्याच्या बायकोने केलं. उपड्या खोक्यावर बसायची, एका हातात बॅटरी धरून. मांडीवर निवडायचे तांदूळ असायचे. त्यातूनच म्हणायची, "थांबा." तो थांबायचा. ती बघायची आणि म्हणायची, "झालं." पुन्हा तांदळात डोकं घालायची. दुसऱ्यांदा फिरवायची वेळ क्वचितच यायची. गल्लीत मिस्त्रीचं नाव होतं ते याच कामासाठी. शहरातले मेकॅनिक अर्धा दिवस घेतात, आमचा मिस्त्री चहा निवायच्या आत टायमिंग बांधतो, असं न्हावी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

आज त्या खोक्यावर लेक बसली.

"रेघ आली की सांग."

"बरं."

पाना हळूहळू फिरला.

"थांबा."

मिस्त्री थांबला.

"पुढे गेली," लेक म्हणाली.

"किती?"

"करंगळीच्या नखाएवढी."

मागे फिरवायचं नसतं. मागे फिरवलं की साखळी सैल पडते. म्हणून पुढे पूर्ण फेरा घेऊन पुन्हा तिथेच यायचं. मिस्त्रीने फेरा घेतला.

"थांबा. पुढे गेली."

आणखी एक फेरा. "पुढे गेली, बाबा."

"तू उशिरा सांगतेस."

"रेघ आली तेव्हाच सांगते."

मामा समोरच्या भिंतीला टेकून उभा होता. पाचव्या फेऱ्याला मिस्त्रीच्या हनुवटीवरून घामाचा थेंब थेट कॅमवर पडला. त्याने तो शर्टाच्या बाहीने टिपला. सातव्या फेऱ्याला न्हाव्याने दारातून डोकं आत घातलं.

"मिस्त्री, चहा तर कधीच निवला. आता बर्फ व्हायची वाट बघतोय काय?"

"दुकानात गिऱ्हाईक नाही का तुझ्या?"

"एक आहे. तेही झोपलंय."

मिस्त्री कंबर सरळ करायला उभा राहिला. गुडघा करकरला. पुन्हा वाकला. या वेळी लेक "थांबा" म्हणाली, तो थांबला, आणि ती म्हणाली, "झालं. अगदी बरोबर."

त्याने कॅम जागेवर बसवले, खुणा हेडच्या काठाशी जुळवल्या, वरच्या टोप्या आवळल्या. मग त्याच्या मनात काहीतरी आलं. तो तसाच वाकलेला राहून म्हणाला, "आत्ता रेघ यायच्या आधी थांबा म्हणालीस का तू?"

लेकीने बॅटरी खिडकीवरून हलवली नाही.

"मी विचारतोय."

"थोडंसं आधी म्हटलं."

"का?"

तिने बॅटरी विझवली. "आई तसंच करायची, बाबा. लहानपणी मी तिच्याजवळ बसायचे ना. एकदा मी विचारलं, आई, रेघ तर अजून आली नाही, तू आधीच का म्हणतेस. तर म्हणाली, तुझ्या बाबांच्या हाताला ऐकू यायला वेळ लागतो. त्यांच्यासमोर बोलू नकोस."

मिस्त्रीने पान्यावरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. बारा वर्षं. बायको खोक्यावर बसून, तांदूळ निवडता निवडता, त्याच्या हाताचा उशीर मोजून तेवढी आधी बोलायची. तो थांबायचा तेव्हा रेघ बरोबर खाचेसमोर यायची आणि नाव त्याचं व्हायचं. तिने ते कधी तोंडावर येऊ दिलं नाही.

"ते काही नाही," तो म्हणाला. आवाज जरा चढलाच. "आता दोन फेरे फिरवून तपासायचंय. रेघ खाचेवर आली की सांग. आधी नाही, नंतर नाही. मला माझा हात कळतो."

"भाऊजी, तिला आधी सांगू दे की," मामा म्हणाला. "काय बिघडलं?"

"गाडी तुझी आहे. इंजिन मी बांधतोय."

साखळी ताणून धरणारा टेन्शनर अजून लावायचा होता. तो लावून मगच फेरे घ्यायचे, हे मिस्त्रीने आयुष्यभर केलेलं होतं, दुसऱ्यांना शिकवलेलं होतं. पण टेन्शनर बाकावर होता, आणि बाकाकडे जायचं तर मामाच्या समोरून जावं लागलं असतं. त्याला या क्षणी कोणाच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. त्याने डाव्या हाताच्या बोटाने साखळी दाबून धरली आणि पाना फिरवला. एक फेरा. दुसरा.

"थांबा," लेक म्हणाली. रेघ खाचेवर असताना, सांगितल्याप्रमाणे.

हात थांबला तेव्हा उशीर झाला होता. ते तिने न सांगताच त्याला कळलं. ती "पुढे" एवढंच म्हणाली असेल, तोच त्याने पाना मागे घेतला. जेमतेम दोन बोटं. बोटाखाली साखळी ढिली पडली आणि खाली, खोल आत, काहीतरी टचकन सरकलं. आवाज असा आला नाही. पान्यातून ते हाताला लागलं. बधिर हातालाही लागलं.

"आली रेघ?" त्याने विचारलं.

"आली. पण बाबा, मागे घेतलंत ना तुम्ही?"

"केसभर."

"वरच्या खुणा बघू का मी?"

"मी बघितल्या," मिस्त्री म्हणाला. त्याने बघितल्या नव्हत्या. बघितलं असतं तर खुणा काठापासून सरकलेल्या दिसल्या असत्या, आणि सगळं उघडून, सगळ्यांसमोर, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं. लेकीला आधी बोलायला सांगावं लागलं असतं. तो बाकाकडे गेला, टेन्शनर आणून बसवला, झाकण लावलं, आणि झाकणाचे चारही बोल्ट एकामागून एक आवळले. प्रत्येक बोल्ट आवळताना त्याला वाटत होतं की आता बोलावं. चौथा बोल्ट आवळून झाला.

टाकी चढली. पेट्रोल सोडलं. चार वाजायला आले होते. मामाने गाडी गल्लीत काढली आणि किकवर उभा राहिला. पहिली किक, दुसरी. तिसऱ्या किकला गाडी फुरफुरली, खोकली, आणि सुरू झाली.

न्हावी टाळ्या वाजवायला लागला. खुर्चीतलं गिऱ्हाईक जागं होऊन दारात आलं. लेकीने फडक्याने तोंड पुसलं आणि त्या फडक्याचं ग्रीस कपाळाला लागलं. मामा हसत होता. "भाऊजी, उद्या कंपाउंडरला पहिल्या किकवर दाखवतो."

मिस्त्री आवाज ऐकत होता. आवाज बरोबर नव्हता. प्रत्येक ठोक्यामागे एक बारीक, कोरडी टकटक होती. "बंद कर," तो म्हणाला, पण म्हणाला हळू, आणि त्याच वेळी मामाने मूठ पिळली.

एकच आवाज आला. लोखंडी डबा फरशीवर पडावा तसा. गाडी मेली.

मामाने किक मारली. पाय सरळ खाली गेला. पाण्यात काठी घालावी तसा.

"व्हॉल्व्ह," तो म्हणाला. "दुकानदाराने फसवलं. हलका माल दिला."

न्हाव्याने दुकानदाराला शिव्या घातल्या. शहरातले सगळेच चोर, असं गिऱ्हाईकही म्हणालं. लेक मिस्त्रीकडे बघत होती. त्याने मान खाली घातली, बोल्ट पुन्हा सैल करायला घेतले आणि झाकण उघडलं. कॅमच्या खुणा काठापासून एक दात दूर होत्या. लेकीने त्या पाहिल्या. तिने गुपचूप झाकण पुन्हा वर ठेवलं, कोणाला दिसू नये म्हणून.

सोमवारी सकाळी वाळूवाल्याची गाडी गल्लीतून गेली. मागे ती पेटी बांधलेली होती. जाताना त्याने हॉर्न दिला, मुद्दाम नाही, समोर कोंबडी आली होती म्हणून.

मंगळवारी मामाने टेम्पो सांगितला. गाडी शहरात विकायची किंवा दुरुस्त करायची, काय ते तिथे ठरवू, असं तो म्हणाला. त्याचं सामान एका पिशवीत मावलं. भाचीने डबा भरून दिला. ती दारातून बाहेर आलीच नाही. मिस्त्रीने आणि मामाने मिळून गाडी फळीवरून वर चढवली. मामा दोरीने ती फाळक्याला बांधायला लागला.

"व्हॉल्व्हमध्ये खोट नव्हती," मिस्त्री म्हणाला. "मी पाना मागे घेतला. साखळी सरकली ते माझ्या हाताला कळलं होतं. मी बोललो नाही."

मामाने गाठ पुरती मारली. "मला वाटलंच होतं."

"कशावरून?"

"ताईने सांगितलं होतं. दवाखान्यात होती तेव्हा, शेवटी शेवटी. म्हणाली, माझ्यामागे गाडीचं इंजिन त्यांच्याकडे उघडू नकोस. शहरात ने. त्यांना वाईट वाटेल, पण शहरात ने."

मिस्त्रीने टेम्पोची कड धरली. पत्रा तापलेला होता तरी हात काढला नाही. "मग का आणलीस माझ्याकडे?"

"दिवसभर नुसते त्या खोक्याकडे बघत बसायचात. म्हटलं, हाताला काम मिळेल." मामाने गाठ ओढून पाहिली आणि दुसऱ्या बाजूची बांधायला वळला. "माझंही चुकलंच. तिने सांगितलेलं ऐकायला हवं होतं."

टेम्पो गल्लीच्या टोकाला वळला. धूळ बसेपर्यंत न्हावी दारात उभा होता. आज त्याने काही विनोद केला नाही. आत जाऊन उगाच वस्तऱ्याला धार लावत बसला.

दुपारी एक माणूस हातगाडीवर पाण्याच्या पंपाचं इंजिन घेऊन आला. खालच्या मळ्यातला. मिस्त्री त्याला तोंडओळखीने ओळखत होता.

"मिस्त्री, दम सोडलाय याने. व्हॉल्व्ह असतील. तुझ्या हाताशिवाय जमायचं नाही."

लेक आतल्या दारात येऊन उभी राहिली. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, आणि बापाकडे बघून मिटलं.

"मी इंजिन उघडत नाही," मिस्त्री म्हणाला.

"कधीपासून?"

"पंक्चर असेल तर काढतो. हे शहरात ने."

मिस्त्री थट्टा करतोय का, ते माणसाने त्याच्या तोंडाकडे पाहून ताडलं. पंप एव्हाना त्याने खाली उतरवून ठेवला होता. तो पुन्हा हातगाडीवर चढवायला हवा होता. मिस्त्रीने वाकून एका बाजूला हात घातला. माणसाने दुसऱ्या बाजूला घातला आणि म्हणाला, "हं, उचल."

माणसाची बाजू उचलली गेली. मिस्त्रीची क्षणभर जमिनीवरच राहिली आणि मग वर आली. पंप कलंडला, माणसाने पोटाचा टेका देऊन कसाबसा सावरला आणि सगळा भार स्वतःच्या अंगावर घेऊन तो हातगाडीवर टाकला.

"लागलं का?" मिस्त्रीने विचारलं.

"नाही," माणूस पोट चोळत म्हणाला, आणि हातगाडी ढकलत निघाला.